दंतप्रतिकृती

किडलेल्या वा तुटलेल्या दातावर टोपण बसविणे, दंतसेतू तयार करणे इ. कामे तोंडाबाहेर करता यावीत म्हणून बनविलेली दातांची व हिरड्यांची हुबेहूब घन प्रतिकृती. प्रथम मऊ पदार्थात दातांचा ठसा घेतात आणि त्यात पाण्यात कालवलेले जिप्समाचे चूर्ण ओतून प्रतिकृती मिळवितात. टोपण व दात यांमध्ये फट राहिल्यास तेथे जंतू साचून दात पुन्हा किडतो. म्हणून प्रतिकृती अचूक असावी लागते.

इतिहास : जर्मन दंतवैद्य फिलिप फाफ यांनी १७५६ मध्ये मेणाच्या ठशात प्लॅस्टर ओतण्याच्या पद्धतीचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकात ठसाही प्लॅस्टरमध्ये घेऊ लागले. परंतु घट्ट झालेले प्लॅस्टर दातांच्या आत वळलेल्या भागांतून निघत नसे व ते मोडून तुकडे जुळवावे लागत. व्हिएन्नाच्या आल्फोन्स पोलर यांनी १९२५ मध्ये सागरी शैवालापासून मिळणाऱ्या आगरचा वापर सुचविल्यावर ही अडचण दूर झाली. दुसऱ्या महायुद्धात जपानी आगर दुर्मिळ झाल्याने अल्जिनेटाचा प्रसार झाला. १९५० नंतर पॉलिसल्फाइड व सिलिकोन ही रबरे प्रचारात आली. महाराष्ट्रात या विषयाच्या शिक्षणाची सोय मुंबईच्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयात (१९३३) व पुढे नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात (१९६८) झाली.

तुलना : अल्जिनेट स्वस्त असले, तरी हवेत ठेवल्यास त्यातील पाणी जाऊन ठसा आकसतो व पाण्यात ठेवल्यास फुगतो, म्हणून प्रतिकृती लगेच ओतावी लागते. संघनन प्रकारच्या सिलिकोनमधून अल्कोहॉल उडून जाऊन ठसा आकुंचन पावतो. समावेशन प्रकारात असा उपपदार्थ निर्माण होत नसल्याने ठसा अनेक दिवस आकार टिकवितो. जिप्समाच्या १०० ग्रॅ. चूर्णास रासायनिक दृष्ट्या सु. १८·६ मिलि. पाणी पुरते, पण साध्या प्लॅस्टरला ४५ ते ५० मिलि., तर उच्च बलाच्या दंतपाषाणाला २२ ते २४ मिलि. पाणी लागते. जादा पाणी उडून गेल्यावर छिद्रे राहतात. त्यामुळे टोपणासाठी दंतपाषाणच वापरतात; त्याचे प्रसरण सु. ०·१ टक्का असते. एपॉक्सी रेझिनाची प्रतिकृती झिजत नाही, पण किंचित आकसते. तांबे वा चांदी यांचा विद्युत् विलेपनाने दिलेला थर कठीण असतो. तथापि चांदीसाठी विषारी सायनाइड लागते.

पद्धतीची निवड स्थळकाळावरही अवलंबून असते. अकोला जिल्ह्यातील तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी घेतलेला ठसा दूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा असल्यास वऱ्हाडच्या उन्हाळ्यात अल्जिनेट वाटेतच आकसते. अशा वेळी प्रतिकृती जागीच ओतणे अथवा समावेशन सिलिकोन वापरणे इष्ट ठरते. झुरिक येथे १९८५ मध्ये संगणकीय प्रतिमेवरून दंतपूरण तयार करण्यात आले. तेव्हापासून ठशाविना काम करण्याची पद्धती विकसित होत गेली. मात्र दाताची कड रक्त वा लाळ यांनी झाकलेली असल्यास त्या पद्धतीतही चूक राहते.