पाण्याच्या वाटा

मेंदूच्या श्वेतद्रव्याकडे वळणाऱ्या नव्या अभ्यासकाचे स्वागत करताना एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: एमआरआय यंत्राला मेंदूतला एकही तंतू दिसत नाही. लाल, हिरव्या, निळ्या धाग्यांची जी देखणी चित्रे पाहून तुम्ही इकडे आलात, ते धागे संगणकाने ओढलेले असतात. यंत्र मोजते ती पाण्याची हालचाल.

ऊतीतले पाण्याचे रेणू सतत भरकटत असतात. मोजणी चालते त्या सेकंदाच्या काही शतांशांत ते जेमतेम दहा मायक्रोमीटर सरकतात. हे अंतर नेमके पेशींच्या मापाचे, म्हणून तर हा सारा खटाटोप शक्य होतो. तंतूंच्या जुड्यांमध्ये रेणूंना लांबीच्या दिशेने जाणे सोपे, आडवे जाणे अवघड. हा फरक टिपणारी चुंबकीय स्पंदांची युक्ती स्टेजस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्येच दिली होती. १९९४ मध्ये बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहाँ यांनी तिला टेन्सरचे, म्हणजे दिशेनुसार बदलणाऱ्या राशीचे, गणित जोडले. त्यातूनच शून्य ते एक या पट्टीवरचा 'एफए' हा दिशाभेदाचा आकडा आला.

हा आकडा फार लाडका झाला आहे, माझ्या मते गरजेपेक्षा जास्तच. तो घसरला की 'मायलिन (तंतूंवरचे वेष्टन) झिजले' असे लिहून मोकळे होणारे निबंध पुष्कळ सापडतील. पण गारफिश माशाच्या गंधचेतेत मायलिन नसते, तरी तिथेही पाणी दिशा पाळते, हे ब्यूलिये आणि ॲलन यांनी त्याच १९९४ मध्ये दाखवले होते. त्याहून मोठी अडचण मापाची. दोन मिलिमीटर बाजूच्या एका व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या एका घनाकृती ठिपक्यात, लाखो अक्षतंतू मावतात आणि श्वेतद्रव्याच्या बहुतांश व्हॉक्सेलमध्ये एकाहून अधिक जुड्या एकमेकींना छेदून जातात. अशा ठिकाणी त्यांतली एकच जुडी रोगाने झडली, तर एफए घटण्याऐवजी वाढू शकतो! रुग्णाने डोके हलवले तरी आकडे बदलतात. लहान मुलांच्या अभ्यासात हे विसरून चालत नाही.

या मोजणीवरून तंतूंच्या वाटा संगणकाने ओढण्याच्या तंत्राची, म्हणजे ट्रॅक्टोग्राफीची, एक कसोटी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. खऱ्या वाटा आधीच ठाऊक असलेला कृत्रिम डेटा वीस संशोधकगटांना दिला होता. बहुतेक पद्धतींना बहुतेक खऱ्या जुड्या सापडल्या, पण अस्तित्वात नसलेल्या जुड्याही ढिगाने निघाल्या. तरीही जिवंत माणसाच्या मेंदूतल्या या वाटा शस्त्रक्रियेशिवाय शोधण्याचा दुसरा मार्ग आपल्याकडे नाही, आणि गाठ काढण्यापूर्वी शल्यविशारद हे नकाशे पाहतात ते उगाच नव्हे.

भौतिकशास्त्रातून आलेल्यांनी या पुस्तकातले शरीररचनेचे प्रकरण गाळू नये. शरीररचनेचे अभ्यासक क्लिंगलर यांनी फॉर्मॅलिनमधले मेंदू गोठवून, बर्फाने सैल झालेले तंतू हाताने सोलून काढले. अशा सोललेल्या मेंदूंची छायाचित्रे शेजारी ठेवूनच संगणकाचे धागे तपासावेत. वैद्यकातून आलेल्यांना टेन्सरची धास्ती वाटत असेल, तर त्यांनी आधी डोक्याच्या हालचालीवरचे प्रकरण वाचावे. गणित नंतर वाचले तरी चालेल.