अतिसंवाहकांतील ऊर्जा-अंतराल : मापनाचा इतिहास

अतिसंवाहक अवस्थेतील पदार्थात इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात. अशी एक जोडी फोडण्यास लागणारी किमान ऊर्जा म्हणजे त्या पदार्थाचा ऊर्जा-अंतराल होय. सर्वसाधारण धातूतील इलेक्ट्रॉनाला कितीही अल्प ऊर्जा देऊन वरच्या पातळीवर नेता येते. अतिसंवाहकात मात्र एका ठराविक मर्यादेच्या आत इलेक्ट्रॉनाला पातळीच उपलब्ध नसते. मर्यादेपेक्षा कमी ऊर्जेचा धक्का त्याला स्वीकारता येत नाही आणि विद्युत् प्रवाह रोधाविना वाहत राहतो. हा अंतराल फार लहान असतो. शिशाच्या बाबतीत तो सु. २·७ मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट असून दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनाची ऊर्जा त्याच्या सु. हजारपट भरते. इतकी लहान राशी मोजण्याच्या पद्धती विसाव्या शतकाच्या मध्यास उपलब्ध झाल्या. तथापि उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांचा शोध लागल्यावर नेमके काय मोजले जात आहे, याविषयीच वाद निर्माण झाला.

अतिसंवाहकतेचा शोध हेइके कामर्लिंग-ऑनेस यांनी लायडन येथे १९११ मध्ये लावला. सु. ४·२ के. (केल्व्हिन) तापमानाला पाऱ्याचा विद्युत् रोध एकाएकी नाहीसा होतो, असे त्यांना आढळले. त्यानंतरची चार दशके या आविष्काराचा उलगडा झाला नाही. १९५० नंतरच्या काही वर्षांत व्हॅनेडियमासारख्या धातूंची विशिष्ट उष्णता अतिसंवाहक अवस्थेत तापमानाबरोबर घातांकी रीतीने घटते, असे दिसून आले. पातळ्यांमध्ये फट असल्याखेरीज अशी घट संभवत नाही. यापेक्षा प्रत्यक्ष पुरावा १९५६-५७ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे रोल्फ ग्लोव्हर व मायकेल टिंकम यांनी मिळविला. त्यांनी शिसे व कथिल यांच्या अतिशय पातळ पटलांतून दूरच्या अवरक्त पट्ट्यातील प्रारण पाठविले. ठराविक कंप्रतेखालील प्रारणाचे शोषण होत नाही, असे त्यांना आढळले.

त्याच सुमारास, १९५७ मध्ये, जॉन बार्डीन, लिऑन कूपर व रॉबर्ट श्रीफर यांनी आपला सिद्धांत मांडला. स्फटिक-जालकाच्या कंपनांमुळे दोन इलेक्ट्रॉनांत सौम्य आकर्षण निर्माण होते व त्यांची जोडी बनते, असे त्यांनी दाखविले. सिद्धांतातून एक साधे गुणोत्तर हाती आले. ऊर्जा-अंतरालास बोल्टझमन स्थिरांक व क्रांतिक तापमान (ज्या तापमानाखाली अतिसंवाहकता प्रकट होते ते) यांच्या गुणाकाराने भागल्यास सु. ३·५ हा आकडा यावा, असे ते गुणोत्तर होते. पुढील सर्व मोजमापांना हाच आकडा कसोटी म्हणून लावण्यात आला.

मोजमापाची सर्वांत सोपी पद्धत मात्र एका यांत्रिकी अभियंत्याने शोधली. नॉर्वेत जन्मलेले ईव्हार येव्हर हे अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत काम करीत होते व नोकरी सांभाळून भौतिकीचे वर्गही करीत होते. वर्गातील एका व्याख्यानात ऊर्जा-अंतरालाचा उल्लेख त्यांच्या कानी आला आणि सुरंग परिणामाने तो थेट मोजता येईल, असे त्यांना सुचले. १९६० मध्ये त्यांनी काचपट्टीवर ॲल्युमिनियमाची पातळ पट्टी बसविली. हवेच्या संपर्काने तिच्यावर ऑक्साइडाचा काही नॅनोमीटर जाडीचा निरोधक थर येऊ दिला व त्यावर शिशाची आडवी पट्टी घातली. अभिजात भौतिकीनुसार मधल्या निरोधक थरातून प्रवाह वाहू नये. पुंज सिद्धांतानुसार मात्र इलेक्ट्रॉन त्यातून पार जाऊ शकतो, परंतु पलीकडे रिकामी पातळी असेल तरच. शिसे अतिसंवाहक झाल्यावर लहान विद्युत् दाबाला प्रवाह जवळजवळ थांबला आणि दाब अंतरालाशी जुळताच तो झपाट्याने वाढला. अशा रीतीने ज्या अंतरालासाठी अवरक्त प्रारणाची अवघड साधने लागत होती, तो व्होल्टमापक व प्रवाहमापक यांवर वाचता येऊ लागला. या कार्याबद्दल येव्हर यांना १९७३ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

शिशाचे गुणोत्तर ३·५ न येता ४·३ च्या आसपास आले, हे येथे नोंदविले पाहिजे. ही तफावत सिद्धांताला बाधक ठरली नाही. शिशात इलेक्ट्रॉन व जालक-कंपने यांची बांधणी अधिक बळकट आहे, हे तिचे कारण होते. विल्यम मॅकमिलन व जॉन रॉवेल यांनी १९६५ मध्ये सुरंग-प्रवाहाच्या आलेखातील बारीक चढउतारांवरून शिशातील त्या कंपनांचा वर्णपटच काढून दाखविला. जोडी कशामुळे बनते, याचा इतका निर्विवाद पुरावा दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने तोपर्यंत मिळाला नव्हता.

स्वित्झर्लंडमधील र्‍युशलिकोन येथे गेओर्ग बेडनॉर्ट्‌स व ॲलेक्स म्यूलर यांना १९८६ मध्ये लँथॅनम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडात सु. ३० के. च्या वर अतिसंवाहकतेची चिन्हे आढळली. पुढच्याच वर्षी यिट्रियम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडाने ९० के. ची मर्यादा ओलांडली. द्रवरूप नायट्रोजनाचा उकळबिंदू ७७ के. असल्याने महाग व दुर्मिळ द्रव हीलियमाची गरज संपली. हा पदार्थ बनविणेही कठीण नव्हते. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट व तांब्याचे ऑक्साइड यांची चूर्णे खलात घोटून सु. ९००° ते ९५०° से. तापमानाला भाजली व नंतर ऑक्सिजनात सावकाश निववली, की काळी वडी तयार होत असे. जगातील अनेक प्रयोगशाळांबरोबर भारतातही बंगलोर, तुर्भे, कुलाबा व दिल्ली येथे हे काम तातडीने हाती घेण्यात आले.

पदार्थ बनविणे जितके सोपे, तितकेच त्याचा अंतराल मोजणे अवघड ठरले. १९८७ नंतरच्या तीन-चार वर्षांत प्रसिद्ध झालेल्या निबंधांत गुणोत्तराची मूल्ये ३ पासून ८ पर्यंत विखुरलेली दिसतात. यामागे एक भौतिक कारण होते. जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांमधील अंतर शिशात सु. ८० नॅनोमीटर असते. तांब्याच्या ऑक्साइडांत ते जेमतेम एकदोन नॅनोमीटर भरते आणि थरांना लंब दिशेने त्याहूनही कमी. सुरंग-प्रवाहाला पदार्थाची साधारण एवढ्याच खोलीपर्यंतची माहिती मिळते. शिशाचा पृष्ठभाग थोडासा मळला तरी फारसे बिघडत नाही. या ऑक्साइडांच्या पृष्ठावरील ऑक्सिजन उडून गेला, की मापन होते ते खराब झालेल्या कातडीचे. तथापि सगळा दोष पृष्ठभागाचा नव्हता, हे पुढे उघड झाले.

या मतभेदाचे महत्त्व आकड्यापुरते मर्यादित नव्हते. गुणोत्तर ३·५ च्या जवळ आले असते तर जुना सिद्धांत थोड्या फेरफाराने टिकला असता. ते दुप्पट असेल, किंवा अंतराल सर्व दिशांना सारखा नसेल, तर इलेक्ट्रॉनांना जोडणारी प्रेरणाच वेगळी असण्याचा संभव होता.

दिशेचा प्रश्न प्रकाशविद्युत् परिणामाच्या साहाय्याने सुटला. निर्वात पोकळीत स्फटिकावर जंबुपार प्रारण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व कोन दोन्ही मोजले, की ते आत असताना कोणत्या दिशेने जात होते हे कळते. यासाठी बिस्मथ, स्ट्राँशियम, कॅल्शियम व तांबे यांचे ऑक्साइड सोयीचे ठरले. कारण अभ्रकाप्रमाणे त्याचे पापुद्रे निघतात व पोकळीतच ताजा, स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. स्टॅनफर्ड येथील झी-शून शेन व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये दाखविले की, तांबे-ऑक्सिजन बंधाच्या दिशेने अंतराल सर्वांत मोठा असून तिच्याशी ४५° कोन करणाऱ्या दिशेने तो जवळजवळ शून्य होतो. म्हणजे एका प्रयोगशाळेला मोठा व दुसरीला लहान आकडा मिळाला, तेव्हा दोघींचेही मापन बरोबर असणे शक्य होते. न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्‌स येथे छांग त्सुई व जॉन कर्टली यांनी १९९४ मध्ये तीन स्फटिकांच्या सांध्याभोवती चुंबकीय प्रवाहाचे अर्धे पुंजमान अडकलेले पाहिले. त्यावरून शून्यापलीकडे अंतरालाचे चिन्हही पालटते, ही गोष्ट पक्की झाली.

दुसरे कोडे अधिक चिवट निघाले. बार्डीन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिद्धांतानुसार क्रांतिक तापमानाला अंतराल मिटला पाहिजे. तांब्याच्या ऑक्साइडांत तो मिटत नाही. ओर्से येथील आंरी आलूल व त्यांच्या सहकाऱ्यांना अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रयोगांत १९८९ मध्येच याची चाहूल लागली होती. १९९८ मध्ये जिनीव्हाच्या संशोधकांनी क्रमवीक्षण सुरंग सूक्ष्मदर्शकाने बिस्मथयुक्त ऑक्साइडाच्या पृष्ठाची पाहणी केली. रोध परत आल्यानंतरही पातळ्यांमधील फट तशीच दिसत होती. तिला आभासी अंतराल हे नाव मिळाले. एका मतानुसार त्या तापमानाला जोड्या बनलेल्या असतात, फक्त त्यांच्या तरंगांची कला एकमेकींशी जुळलेली नसते. दुसऱ्या मतानुसार ती फट अतिसंवाहकतेशी स्पर्धा करणाऱ्या वेगळ्याच व्यवस्थेची आहे. त्यातच २००१ पासून डेव्हिस व इतरांनी काढलेल्या नकाशांत असे दिसले की, एकाच स्फटिकात काही नॅनोमीटर सरकताच अंतरालाचे मूल्य बदलते.

तांब्याच्या ऑक्साइडांत चुंबकत्व, रासायनिक विषमता व अतिसंवाहकता एकत्र गुंतलेली असल्याने या दोन मतांतील निवाडा करणे कठीण होते. तेच प्रश्न साध्या पदार्थांना विचारून पाहणे हा एक मार्ग होता. या मार्गावरील लक्षणीय काम मुंबईत झाले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (स्थापना १९४५) यिट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या मिश्रणात १९९३ मध्ये सु. १२ के. ला अतिसंवाहकतेच्या पुसट खुणा आढळल्या होत्या. पदार्थाचा अल्प अंशच अतिसंवाहक होत होता. त्यात कार्बन मिसळल्यावर संपूर्ण नमुन्यात हा गुणधर्म उतरला. आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकिर हुसेन, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन व त्यांचे सहकारी यांनी हा शोध १९९४ च्या आरंभी जाहीर केला. बोरोकार्बाइडे या नावाने ओळखला जाणारा अतिसंवाहकांचा हा वर्ग मुंबईत उदयास आला, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते.

या वर्गातील यिट्रियमयुक्त स्फटिकाचा अंतराल त्याच संस्थेत प्रताप रायचौधुरी, एस. रामकृष्णन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोजला. धातूच्या तारेचे टोक स्फटिकाला टेकवून स्पर्शबिंदूतून जाणारा प्रवाह पाहणे, ही त्यांची पद्धत होती. तारेतून येणारा इलेक्ट्रॉन आत शिरताना जोडीदार शोधतो व अंतरालाच्या आतील दाबांना प्रवाह अपेक्षेपेक्षा वाढतो. हे तत्त्व अलेक्सांद्र आंद्रेयेव्ह यांनी १९६४ मध्ये मांडले होते. स्फटिकाच्या एका अक्षाला समांतर प्रवाह सोडला असता २·७ के. ला मिळालेला अंतराल दुसऱ्या अक्षाला समांतर मिळालेल्या अंतरालाच्या साडेचार पट भरला. दिशेनुसार बदलणारा अंतराल ही तांब्याच्या ऑक्साइडांची मिरास नाही, हे यावरून कळून आले.

आभासी अंतरालाचा शोधही याच प्रयोगशाळेत घेण्यात आला. त्यासाठी निवडलेले निओबियम नायट्राइड हे अगदी जुन्या वळणाचे अतिसंवाहक आहे. त्याच्या चांगल्या पटलाचे क्रांतिक तापमान सु. १६ के. असते. पटल बनविताना परिस्थिती बदलून त्यात निओबियमाच्या रिकाम्या जागा वाढवीत नेल्या, तर हे तापमान उतरत जवळजवळ शून्याला पोहोचते. प्रयोगशाळेतच बांधलेल्या सूक्ष्मदर्शकाला पटल तयार करण्याचा कक्ष जोडलेला होता. त्यामुळे नमुन्याला हवा लागत नसे. १९८७ नंतरच्या गोंधळाचे एक मूळ येथे आरंभीच टाळले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सु. ६ के. पेक्षा कमी क्रांतिक तापमान असलेल्या पटलांत रोध परत आल्यानंतरही अंतराल टिकून राहतो. तो जोड्यांचाच आहे, असा अर्थ या पदार्थात लावता येतो. कारण येथे स्पर्धा करणारी दुसरी व्यवस्था नाही. अव्यवस्था वाढली, की जोड्या राहतात आणि त्यांचा ताळमेळ तेवढा सुटतो. त्यापूर्वी २०१० मध्ये ग्रनोबल येथे टिटॅनियम नायट्राइडाच्या पटलांतही अशीच फट दिसली होती. तांब्याच्या ऑक्साइडांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. तेथील आभासी अंतराल निदान अंशतः वेगळ्या मूळचा असावा, असे मानणारे संशोधक अनेक आहेत.

तांबे नसलेल्या पदार्थांनी पुढे तापमानाचीही मर्यादा ओलांडली. हायड्रोजन व गंधक यांचे संयुग हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये सु. १५ लक्ष वातावरणांइतक्या दाबाखाली २०३ के. ला अतिसंवाहक होते, असे जर्मनीतील माइन्ट्‌स येथे मिखाइल एरेमेट्स यांच्या गटाने २०१५ मध्ये जाहीर केले. इतक्या चिमुकल्या व प्रचंड दाबाखालील नमुन्यावर सुरंग-संधी बनविण्यास आणखी दहा वर्षे लागली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात येव्हर यांच्याच तत्त्वाने सु. ६० मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढा पूर्ण अंतराल मिळाला. त्यावरून निघणारे गुणोत्तर ३·५ च्या जवळ येते. हायड्रोजनाऐवजी ड्यूटेरियम घेतल्यास अंतराल घटून सु. ४४ मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट होतो. अणू जड झाला की अंतराल घटतो, यावरून येथे जोडी बांधणारी प्रेरणा जालकाच्या कंपनांचीच असल्याचे दिसते.