मुंबईचीं क्रीडांगणें : आवडतीं आणि नावडतीं

श्रोतेहो, क्रिकेटचा नाद असलेलीं चार माणसें एकत्र बसलीं म्हणजे आवडता खेळाडू कोण हा वाद आधीं निघतो, आणि त्याच्या पाठोपाठ आवडतें मैदान कोणतें हा दुसरा वाद निघतो. पहिल्या वादांत निदान धांवांचे व बळींचे आंकडे तरी पुढें करतां येतात. दुसऱ्यांत तीही सोय नाहीं. आमच्या शहापूर-मुरबाडकडील मंडळींत हा दुसरा वाद मी कित्येक वर्षें ऐकत आलों आहें. आसनगांवहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकल गाडींत तो चालतो आणि मुरबाडहून कल्याणास येणाऱ्या एस. टी.च्या गाडींतही चालतो. वयस्कर माणसें ब्रेबोर्नचें नांव घेतात, तरुण वानखेडेचें घेतात, आणि एखादा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून हलावयास तयार नसतो. ह्या वादाकडे आज इतिहासाच्या दृष्टीनें पाहावें, असा माझा विचार आहे.

प्रथम हा वाद होतोच कां, तें पाहूं. टेनिसचें किंवा कबड्डीचें अंगण आंखून दिलेल्या मापाचें असतें. क्रिकेटमध्यें दोन बाजूंच्या यष्ट्यांमधील २२ यार्डांचें अंतर तेवढें पक्कें. सीमारेषा कोठें असावी हें त्या त्या मैदानावर ठरतें. हल्लीं आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरत्या कांहीं मर्यादा घातल्या आहेत, पण त्यांतही सूट बरीच आहे. अमेरिकेंतील बेसबॉलची गोष्टही अशीच. तेथें तळातळांमधील ९० फुटांचें अंतर ठरलेलें, बाहेरची भिंत मात्र जागा मिळेल तशी. बॉस्टन शहरांत १९१२ सालीं उघडलेल्या फेनवे पार्कची डावीकडची भिंत रस्त्यामुळें फार जवळ आली आहे, म्हणून ती ३७ फूट उंच आहे. आणि तिच्यावर प्रेम करणारे व तिला नांवें ठेवणारे लोक तेथें पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत. ज्या खेळांत मैदानाला स्वतःचा स्वभाव असतो, त्या खेळांतच मैदानांविषयीं राग-लोभ उत्पन्न होतात.

मुंबईच्या मैदानांचा इतिहास किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडपासून सुरू होतो. तेथें साहेबांचा खेळ पाहून पारशी तरुणांनीं बॅट हातीं घेतली व १८४८ सालीं ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. पुढें १८७५ सालीं बॉम्बे जिमखाना निघाला, तो केवळ युरोपियनांसाठीं. जिमखान्याला स्वतःची उत्तम हिरवळ होती. परंतु त्याच्या सभासदांचा पोलोचा खेळ मात्र देशी मुलांच्या मैदानावर चाले. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडे आणि तिच्यावर चेंडू टाकणें अशक्य होई. ह्याविरुद्ध देशी खेळाडूंनीं १८८० नंतरच्या वर्षांत सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. शापूरजी सोराबजी नांवाच्या गृहस्थांनीं १८९७ सालीं पारशी क्रिकेटचा इतिहास पुस्तकरूपानें लिहिला, त्यांत ही सारी हकीकत आहे. मैदान कोणाचें, हा प्रश्न मुंबईंत क्रिकेटच्या बालपणींच उभा राहिला होता.

त्यावर सरकारनें काढलेला तोडगा असा, कीं समुद्राकांठच्या भरावाच्या जमिनीवर जातवार जिमखाने निघावेत. पारशी, मुसलमान व हिंदु असे तीन जिमखाने ओळीनें उभे राहिले. मैदानें मिळालीं, पण त्यांच्याबरोबर कुंपणेंही आलीं. सामनेही त्याच धर्तीचे झाले. १९०७ सालीं तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी. अशा काळांत पळवणकर बाळू ह्या चांभार कुटुंबांतील गोलंदाजाच्या डावऱ्या हातानें मोठमोठे फलंदाज बाद केले. मात्र पुण्यास खेळतांना चहाच्या वेळीं त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत वेगळा चहा मिळे. मैदानावर तो संघाचा आधार आणि मंडपाशीं अस्पृश्य! १९०६ सालीं बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धांवांनीं हरविलें, त्या संघांत बाळू व त्याचा भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत बाळूनें शंभराहून अधिक बळी घेतले. आणि दुसरा भाऊ विठ्ठल १९२३ सालीं हिंदु संघाचा कर्णधार झाला. खेळाच्या जोरावर कुंपणाची एक फळी निघाली, ती अशी.

आतां बॉम्बे जिमखान्याच्या मैदानाचा विचार करूं. ह्याच मैदानावर १९२६ सालीं सी. के. नायडूंनीं गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध ११ षट्कारांसह १५३ धांवा काढल्या. ह्याच मैदानावर १९३३ च्या डिसेंबरांत हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथ यांनीं ११८ धांवा काढून भारतीय खेळाडूचें पहिलें कसोटी शतक नोंदविलें. घटनांनीं इतकें श्रीमंत मैदान दुसरें क्वचितच असेल. तरी वादांत मला विचारलें तर माझ्या नावडत्या मैदानांत पहिलें नांव ह्याचेंच. अमरनाथांच्या शतकानें सारें शहर वेडें झालें, पण त्या दिवशीं टाळ्या वाजविणाऱ्या सामान्य हिंदी प्रेक्षकाला त्या जिमखान्याचें सभासद होतां येत नव्हतें. हा दोष गवताचा नव्हे, हें मी जाणतों. परंतु मैदानाची आठवण गवतापुरती राहत नाहीं.

वयस्करांचें लाडकें ब्रेबोर्न १९३७ च्या डिसेंबरांत उघडलें. क्रिकेट क्लब ऑफ इंडियानें चर्चगेटजवळच्या भरावाच्या जमिनीवर तें बांधलें. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांचें नांव त्याला मिळालें. त्याचें सौंदर्य कोणी नाकारीत नाहीं. सभासदांच्या सज्जांतून दिसणारा खेळ, मोजकी उंची, समुद्रावरून येणारा वारा, ह्या सर्वांमुळें तेथें बसणें हाच एक आनंद होता. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यांत विजय हजारे यांनीं तेथेंच संघाच्या ३८७ पैकीं एकट्यानें ३०९ धांवा काढल्या. त्या डावांत त्यांच्या भावाबरोबर ३०० धांवांची भागी झाली, तींत भावाचा वांटा २१ चा. १९४९ च्या फेब्रुवारींत वेस्ट इंडीजविरुद्ध ३६१ धांवा हव्या असतां भारतानें ८ बाद ३५५ पर्यंत मजल मारली आणि वेळ संपली. सहा धांवांची ती चुटपुट जुन्या रसिकांच्या घरांत वारशानें चालत आली.

परंतु ह्या देखण्या वास्तूला जागांच्या वांटणीचा शाप पहिल्या वर्षापासूनच होता. मिळालेल्या जागा अपुऱ्या, असें म्हणून १९३७ च्या पहिल्याच पंचरंगी सामन्यांतून हिंदु संघ बाहेर राहिला. हाच तंटा पुढें क्लब आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यांत तिकिटांवरून पेटला. शेवटीं संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनीं वेगळें मैदान बांधण्याचा निश्चय केला आणि ब्रेबोर्नपासून कांहीं मिनिटांच्या वाटेवर, रेल्वेच्या रुळांना लागून, सुमारे तेरा महिन्यांत नवें क्रीडांगण उभें राहिलें. १९७५ च्या जानेवारींत तेथें पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइडनें नाबाद २४२ धांवा काढल्या. त्याचें अभिनंदन करावयास धांवत गेलेल्या एका मुलाला पोलिसांनीं मारलें म्हणून प्रेक्षकांनीं दंगा केला. वानखेडेला नांवें ठेवणारे म्हणतात कीं तें सिमेंटचें आहे, उकाड्याचें आहे, गोंगाटाचें आहे. सारें खरें, पण मुंबईंतल्या छोट्यामोठ्या क्लबांच्या हातीं तिकिटें आलीं तीं ह्या सिमेंटमुळें. २ एप्रिल २०११ रोजीं धोनीच्या षट्कारानें विश्वचषक जिंकला गेला, तोही येथेंच. त्यापूर्वींच्या दुरुस्तींत खुर्च्या चांगल्या झाल्या, मात्र जागा घटून सुमारे ३३,००० राहिल्या. सोय वाढली कीं माणसें कमी मावतात!

तर मग आवडतें कोणतें? शिवाजी पार्काविषयीं मला आदर आहे. १९२५ सालीं खुल्या झालेल्या त्या मैदानाभोंवतीं बसण्याजोगा कट्टा आहे, आणि अजित वाडेकरांपासून सचिन तेंडुलकरांपर्यंतच्या खेळाडूंचा त्याच्याशीं संबंध आला. पण माझें मत आझाद मैदानाला. आमची गाडी बोरीबंदरला थांबली कीं दोन पावलांवर तें लागतें. तेथें एकाच वेळीं इतके सामने चालतात, कीं एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. १९४८ सालीं सुरू झालेल्या कांगा लीगचे सामने भर पावसाळ्यांत तेथें होतात. ओल्या खेळपट्टीवर ज्याचा पाय टिकला, त्याचा कोठेंही टिकतो. १९८८ सालीं हॅरिस शील्डच्या सामन्यांत तेंडुलकर व विनोद कांबळी ह्या शाळकरी मुलांनीं ६६४ धांवांची अभंग भागी केली, तीही आझाद मैदानावरच. तेथें पाहणाऱ्याला तिकीट नाहीं. आणि गंमत अशी, कीं त्याच्या दक्षिणेच्या टोकालाच बॉम्बे जिमखाना आहे. माझें आवडतें आणि नावडतें मैदान एकमेकांचे सख्खे शेजारी आहेत!

आतां आमच्या गांवाकडे येतों. २०१६ च्या जानेवारींत कल्याणच्या एका मैदानावर प्रणव धनावडे ह्या रिक्षाचालकाच्या मुलानें शालेय सामन्यांत नाबाद १००९ धांवा काढल्या. इंग्लंडांतील क्लिफ्टनच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा ६२८ चा विक्रम त्यानें मोडला. एका बाजूची सीमा फार जवळ होती, अशी कुरकूर झाली. सीमा जवळ होती हें खरें. परंतु शहराबाहेरच्या मुलांना मिळतें तेंच मैदान त्यांना खेळावें लागतें. त्याहून आंत, शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत, भाताची कापणी होऊन खळें उरकलें कीं दिवाळीनंतर शेतें मोकळीं होतात. मुलें बांध उकरून सपाट करतात, धसकटें काढतात, पाणी मारून खेळपट्टी चोपतात आणि टेनिसच्या चेंडूनें पावसाळ्यापर्यंत सामने रंगवितात. त्या मैदानाला मालक असतो, पण दार नसतें.

हीं मैदानें आतां झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. १८६० सालीं आसनगांवला लोहमार्ग आला, १८९२ सालीं तानशाचें पाणी मुंबईस गेलें, आणि २०२५ सालीं समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यांतून पुरा झाला. प्रत्येक सोयीबरोबर जमिनीचा भाव वाढला. आज मुरबाडच्या रस्त्याला व शहापूरच्या आसपास शेतांचे प्लॉट पडत आहेत, आणि ते घेणारे बहुधा माझ्या श्रोत्यांसारखे सुशिक्षित शहरवासी आहेत. त्यांत गैर कांहीं नाहीं. झाडें लावावीं, हवा खावी, असा हेतु चांगलाच आहे. पण पहिलें काम होतें तें तारेच्या कुंपणाचें, आणि त्या कुंपणाच्या आंत पुष्कळदां गांवाची खेळपट्टी सांपडते.

म्हणून, श्रोतेहो, एक विनंती करतों. अशी जागा आपण घेतली असेल, तर घर बांधीपर्यंत दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत तिचें फाटक गांवच्या मुलांना उघडें ठेवा. आणि गांवच्या सार्वजनिक जागेंतला एखादा एकर खेळासाठीं कायम राखण्याचा ठराव ग्रामसभेपुढें आला, तर त्याला आपलें वजन द्या. मुंबईच्या मैदानांवर दीडशे वर्षें जो तंटा चालला, तो आमच्याकडे एका फाटकाच्या कडीनें मिटण्यासारखा आहे.