रिकाम्या डब्याची परतफेरी

वन-नॉर्थच्या आमच्या ऑफिसात दुपारी एक वाजला की लिफ्टमधून पिशव्यांची रांगच वर येते. भात, नूडल्स, सूप, सारे प्लास्टिकच्या डब्यांत. वीस मिनिटांत जेवण उरकते आणि डबे कचऱ्यात. सिंगापूरच्या कचऱ्याची राख सेमाकाऊच्या भरावात जाते. तो २०३५च्या सुमारास भरेल, असा सरकारी अंदाज आहे. म्हणून धुऊन पुन्हा वापरायच्या डब्यांची ‘नवी’ कल्पना इथे कुणी मांडली की मुंबईकराला थोडे हसू येते.

मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुमारे शंभर माणसांनिशी डबे पोहोचवण्याचे काम सुरू केले, असे डबेवाल्यांचा इतिहास सांगतो. ही माणसे मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडची. १९५६ साली त्यांचा ट्रस्ट झाला. २०१० साली हार्वर्डने त्यांच्यावर अभ्यास लिहिला. सगळे कौतुक करतात ते अचूकतेचे: झाकणावरच्या रंगीत खुणा आणि आकडे, त्यांतच स्टेशन, इमारत, मजला.

माझ्यासारख्या इंजिनियरला मात्र दुपारनंतरचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. तोच डबा, त्याच खुणांवर, उलट्या वाटेने घरी येतो. रिकाम्या डब्यालाही भरलेल्याइतकेच हात लागतात आणि त्याची मजुरी महिन्याच्या पैशांतच धरलेली असते. आमच्या घरी वडिलांच्या आधी त्यांचा डबा यायचा. आई झाकण उघडून काय उरले ते पाही आणि दुसऱ्या दिवशीची भाजी ठरवी.

सिंगापूरलाही हे परके नव्हते. इथल्या थराथरांच्या डब्याला ‘तिंगकाट’ म्हणतात. मलायमध्ये त्याचा अर्थच मजला किंवा थर. डबा इथेही होता. विरळ झाला तो परत नेणारा माणूस. आणि मुंबईतही २०२० साली लोकल बंद पडल्या तेव्हा कितीतरी डबेवाले गावी गेले. डबे घरोघरी शाबूतच होते, साखळी तुटली होती.

तेव्हा नुसते टिकाऊ डबे वाटून भागणार नाही. ते कोण गोळा करणार, कोण धुणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे आधी ठरायला हवे.

तोवर माझी परतफेरी मीच करतो. खालच्या फूड कोर्टातल्या मावशी माझ्या स्टीलच्या डब्यात भात वाढताना पहिल्या दिवशी बिचकल्या होत्या. आता रांगेत मागे उभे राहणारे दोघे सहकारीही आपापले डबे आणतात.