पायाखालचा दगड : घाटापासून तरणतलावापर्यंत

मंडळी, खोताच्या वाडीत बसून तरणतलावाच्या काठाला कोणती फरशी लावावी यावर बोलायचं, म्हणजे जरा गंमतच. वाडीत तरणतलाव नाही. पण वाडीच्या बाहेर मान वर करून बघा. गिरगावातल्या चाळी जाऊन जे टॉवर आले, त्यांच्या पोडियमवर तलाव आहेत, आणि मे महिन्यात दुपारी त्यांच्या काठावरून पोरं टाचा उचलून पळतात. पाण्याकाठी अनवाणी जाणं आपल्याकडे फार जुनं. मग घाट बांधणाऱ्यांनी या तापलेल्या दगडाचं काय केलं, हा आमचा आजचा प्रश्न.

इथून चौपाटी ओलांडून चढून गेलं की वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव लागतो. त्याची परंपरा शिलाहारांच्या काळापर्यंत नेतात. १७१५ साली रामा कामती यांनी तिथला जीर्णोद्धार केला. चारी बाजूंना दगडी पायऱ्या, सरळ पाण्यात उतरणाऱ्या. देशावर गेलात तर वाईला कृष्णेचे घाट आहेत, रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ तिथेच. सगळं काळ्या कातळाचं. आता आजच्या कुठल्याही वास्तुविशारदाला विचारा, उन्हात अनवाणी चालायला काळा दगड कसा? तो म्हणेल, याहून वाईट निवड नाही. काळा रंग ऊन पितो, जाड दगड ती उष्णता साठवतो आणि दिवेलागणीपर्यंत सोडत राहतो.

निवड कुठली? दख्खनच्या पठारावर पायाखाली तोच दगड होता, आणि दुसरा आणायचा तर बैलगाडीवर. तेव्हा दगड बदलता येत नव्हता म्हणून लोकांनी वेळ बदलली. स्नान पहाटेचं. सूर्य वर येईपर्यंत घाट रिकामा होऊ लागे, आणि तोवर येणाजाणाऱ्यांच्या ओल्या धोतरांनी, सांडलेल्या तांब्यांनी पायऱ्या भिजलेल्या असत. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं, ती दगडातूनच जाते. शिवाय पाथरवट पायरी गुळगुळीत करत नसे, टाकीचे घाव तसेच ठेवी. शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून.

दुपारी घाटावर कोण असे? धुणं घेऊन आलेल्या बायका. त्यांच्या तळपायांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. आणि ज्यांना काठावर पाऊलच ठेवू दिलं नाही, त्यांना दगड तापला की निवला हा प्रश्न पडायलाही १९२७ साली महाडला जावं लागलं. मुंबईच्या तरणतलावांचीही तीच कथा. ब्रीच कँडीचा तलाव युरोपियनांचा, तर आपल्या चौपाटीजवळच्या मफतलाल तलावाच्या नावातच 'हिंदू' हा शब्द. काठ कुणासाठी, हे आधी ठरतं. काठाचा दगड मागाहून.

दगड निवडता येऊ लागला तो रेल्वेमुळे. १८७१ साली जी.आय.पी. रेल्वे रायचूरला पोचली, वाटेत शहाबाद. तिथला करडा चुनखडीचा दगड मुंबईला येऊ लागला आणि चाळीच्या मोऱ्यांपासून जिन्यापर्यंत पसरला. मोरीत शहाबादीच का, हे आपल्या आज्यांना विचारायची गरज नव्हती: पाणी पडलं तरी पाय धरून ठेवते आणि स्वस्त. श्रीमंतांच्या घरी इंग्लंडहून मिंटनच्या फरश्या येत. १९२२ मध्ये स्वदेशीच्या भरात भारत टाइल्सची सिमेंटची रंगीत फरशी निघाली. अशा जुन्या फरशीवर उन्हाळ्यात पाय टेकवला की बरं वाटतं. पण ते श्रेय फरशीचं नाही, वरच्या छपराचं आणि समोरच्या ओसरीचं आहे. तीच फरशी अंगणात लावून बघा!

इथे आमचा जुना धंदा आडवा येतो. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात पाण्याचा स्पर्श शीत, तेजाचा उष्ण, आणि पृथ्वीचा मात्र ना उष्ण ना शीत असा सांगितलाय. म्हणजे दगड स्वतः तापट नाही, तापणं बाहेरून येतं. वर्गात हे सांगताना मुलं जांभया देत. पण तलावाच्या काठावर हेच उपयोगी पडतं, कारण 'गरम दगड' हा एक गुण नसून दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दगडाने ऊन किती घेतलं, ही एक. घेतलेली उष्णता पायाला किती झपाट्याने दिली, ही दुसरी. सारख्याच तापलेल्या सागाच्या फळीवर आणि ग्रॅनाइटवर पाय ठेवा. फळी सोसवते, ग्रॅनाइट नाही. लाकूड उष्णता सावकाश सोडतं.

आणि हा केवळ सुखाचा मामला नव्हे. १९४७ साली मोरिट्झ आणि हेनरिक्स यांनी दाखवलं की त्वचा ४४ अंशांवर सुमारे सहा तास टिकते, ६० अंशांवर मात्र काही सेकंदांत भाजते. आम्ही सत्तरी ओलांडलेले लोक पळू शकत नाही, आणि मधुमेह्याच्या तळपायाला चटका कळतच नाही. त्याला कळतो तो दुसऱ्या दिवशी, फोड आल्यावर.

मग लावायचं काय? मक्केत काबाभोवती ग्रीसच्या थासोस बेटावरचा पांढरा संगमरवर आहे, भर उन्हातही त्यावरून अनवाणी चालता येतं. पण पॉलिश केलेला संगमरवर ओला झाला की घात करतो, आणि डोळे दिपतात ते वेगळंच. कोकणातला जांभा सच्छिद्र, पाणी पितो आणि निवतो; पावसाळ्यात मात्र शेवाळतो. कोटा आणि शहाबादी हे आमच्या मते मधले, सरळ मार्गाचे दगड. रंग फिका निवडावा, पॉलिश करू नये आणि ॲसिडने धुऊ नये, चुनखडी खाल्ली जाते. लाकडासारखी दिसणारी गडद प्लास्टिकमिश्रित फळी सर्वांत फसवी, ती उन्हात चांगलीच तापते. काळा ग्रॅनाइट तर नकोच.

पण दुकानात वातानुकूलित हवेत, पायात बूट घालून, ट्यूबलाइटखाली नमुने बघून हे ठरवू नका. चार तुकडे आणा, मे महिन्यात सकाळपासून गच्चीवर ठेवा. दुपारी दोन वाजता घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून वर न्या. आधी तुमचा हाताचा तळवा प्रत्येक तुकड्यावर ठेवा. जिथे पाच सेकंदही ठेववत नाही तो तुकडा बाजूला. उरलेल्यांवर बादलीभर पाणी ओता, आणि हात न सोडता त्यांना चालवून बघा.