मुलींची शाळा आणि मामीचा मे महिना : घरातल्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न कसा होतो?



पेट आणि नेट-सेटची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात, "ताई, विषय शोधायचा कुठे?" आज त्याचं उत्तर माझ्याच प्रबंधातल्या एका प्रकरणाच्या आधाराने देते. या प्रकरणाची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरात झाली. पुढे दीड वर्षाने माझ्या मामीने ते अर्ध्याहून जास्त मोडीत काढलं. दोन्ही गोष्टी सांगते, कारण पहिलीपेक्षा दुसरीतून मी जास्त शिकले.

मला दोन मुली. थोरली चौथीत, धाकटी पहिलीत. शाळेची रिक्षा सकाळी पावणेसातला येते. त्याआधी दोन डबे, दोन पाण्याच्या बाटल्या, चार वेण्या, आणि ऐन वेळी आठवणारा "आई, आज क्राफ्ट पेपर हवाय." मुली साडेबाराला परत येतात तेव्हा मी ग्रंथालयात असते. त्यांना उतरवून घ्यायला, जेवायला वाढायला माझी आई असते. एकदा रिक्षा गेल्यावर चहा पिताना सहज मनात आलं, शाळेची ही वेळ ठरवली कोणी? मुलींनी दिवसातले इतके तास घराबाहेर काढायचे, हे घरांनी कधी मान्य केलं? आणि ते तास आधी कोणाचे होते?

गाईड मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे, पण अजून तो फक्त कुतूहल आहे. साधन दाखव, मग त्याला संशोधन-प्रश्न म्हणू." हे वाक्य वहीत लिहून ठेवा. 'स्त्रीशिक्षणाचा इतिहास' हा विषय झाला. 'शाळेने मुलीच्या दिवसातले तास मागितले तेव्हा घराने काय उत्तर दिलं?' हा प्रश्न झाला, कारण त्याचं उत्तर वर्तमानपत्रात, आत्मचरित्रात, वेळापत्रकात शोधता येतं.

तीन तास की सहा तास?

मुलींच्या शाळेचा इतिहास आपण बहुतेक वेळा सनावळीने शिकतो. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांची शाळा. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेला मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध. २९ सप्टेंबर १८८४ रोजी पुण्यात मुलींचं हायस्कूल, जे पुढे हुजूरपागा म्हणून ओळखलं गेलं, कारण ते पेशव्यांच्या खास घोड्यांच्या पागेच्या जागेवर उभं राहिलं. परीक्षेला एवढं पुरतं. संशोधनाला नाही पुरत.

माझ्या कामाची गोष्ट सापडली ती हायस्कूल सुरू झाल्यानंतरच्या वादात. १८८७ च्या सुमारास 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकातून टिळकांच्या बाजूने या शाळेवर टीका झाली. तिचा एक भाग अभ्यासक्रमाबद्दल होता. मुलींना इंग्रजी आणि मुलांसारखेच विषय कशाला, असा. पण दुसरा भाग वेळेबद्दल होता, आणि तिकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. शाळा अकरा ते पाच भरत होती. टीकाकारांची मागणी होती की मुलींची शाळा तीनच तास असावी, एकतर सकाळी किंवा दुपारी, म्हणजे उरलेल्या वेळात मुलींना घरची कामं करता येतील, शिकता येतील.

इथे दोन मिनिटं थांबा. आपला हात लगेच 'सुधारक विरुद्ध सनातनी' असं शीर्षक लिहायला जातो. ते चूक नाही, पण त्यात ही गोष्ट निसटते की टीकाकार एक खरी अडचण बोलून दाखवत होते. आठ-दहा वर्षांची मुलगी घरात काम करणारं माणूस होती. पाणी भरणं, धाकटं भावंड सांभाळणं, निवडणं-टिपणं, देवाची भांडी. ती सहा तास बाहेर गेली की हे काम नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कोणाकडे तरी जातं. टीकाकारांचं उत्तर होतं, मुलीचे तास कमी घ्या. मुलग्यांच्या शाळेबद्दल हा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण त्यांच्या वेळेवर चुलीचा हक्कच नव्हता.

त्यात वयाचंही गणित होतं. लग्न लवकर व्हायचं, म्हणजे शाळेची वर्षंच मोजकी. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारा केलं तेवढ्यावरून केवढं वादळ उठलं ते तुम्ही वाचलंच असेल. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा करणारा शारदा कायदा त्यानंतर अडतीस वर्षांनी, १९२९ साली आला. तेव्हा दिवसातले तास आणि आयुष्यातली वर्षं, दोन्हींवर शाळेला घासाघीस करावी लागत होती.

रात्रीचा अभ्यास

आता तेच साधन उलट बाजूने तपासू. ज्या घरात मुलीने शिकावं असं वाटत होतं, तिथे काय घडलं? रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) वाचा. १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या. नवऱ्याचा शिकवायचा आग्रह, आणि घरातल्या बायकांची नाराजी. मी हे पुस्तक एम.ए.ला वाचलं होतं तेव्हा 'नाराजी' या शब्दाखाली रेघ मारली होती. दुसऱ्यांदा वाचताना घड्याळ लावून वाचलं : अभ्यास कधी होतो आणि दिवस कोणाचा असतो? सुरुवातीचे धडे रात्री होतात. दिवस घराचा. शिकणं बसतं ते घराने वापरून उरलेल्या वेळेत.

दुसरा मार्ग म्हणजे मुलीलाच घराबाहेर ठेवणं. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. सातव्या वर्षी त्यांना शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं गेलं, आणि पुढे त्या रँग्लर परांजप्यांच्या घरी त्यांच्या मुलीबरोबर वाढल्या. हा मार्ग ज्यांना परवडत होता अशी घरं अर्थातच थोडी.

आणि गोष्ट एकोणिसाव्या शतकात संपली असं समजू नका. १९९२ पासून महाराष्ट्र सरकारने दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी शाळेतल्या हजेरीच्या दर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. रक्कम किती लहान, हा वेगळा मुद्दा. पण सरकार पालकांना मुलीच्या हजेरीसाठी पैसे देतं तेव्हा ते मान्य करतं की तिचा दिवस घराला हवा असतो.

इथपर्यंत माझं प्रकरण छान जमलं होतं. मी गृहीतक मांडलं : शाळेने मुलीला घराबाहेरचे तास मिळवून दिले, आणि शाळेच्याच कॅलेंडरने तिला आणखी एक नवी गोष्ट दिली, सुट्टी.

सुट्टी नावाची नवी गोष्ट

पूर्वी बायकांना बदल मिळायचा तो माहेरपणाचा. त्याचा हिशेब सणांवर आणि बाळंतपणांवर : नागपंचमी, मंगळागौर, दिवाळसण, पहिलटकरीण. मुलं शाळेत जायला लागली तशी आईची माहेरची फेरी हळूहळू मे महिन्याला बांधली गेली, असा माझा अंदाज होता. वाहनंही मदतीला आली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, १९४८ मध्ये एसटीची पहिली बस पुणे ते अहमदनगर सुटली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. मामाच्या गावाला जाणाऱ्या आगगाडीचं गदिमांचं गाणं पाठ नसलेलं मराठी मूल त्या काळी विरळाच.

माझ्या स्वतःच्या सुट्ट्याही अशाच. मामाचं गाव राजापूरजवळ. वार्षिक परीक्षा संपली की एसटीच्या लाल डब्यातून रात्रभर प्रवास, माझं अर्धं तिकीट, खिडकीसाठी भावाशी भांडण. मग महिनाभर आंबे, फणस, विहिरीवर आंघोळ, खळ्यात पत्ते. मी सिनॉप्सिसमध्ये या भागाला नाव दिलं होतं 'सुट्टी : मुलींच्या मोकळ्या वेळेचा इतिहास.' मुलाखती घ्यायच्या होत्या. पहिली मुलाखत सोपी जावी म्हणून मामीला गाठलं.

मामीची मुलाखत

मामी आता सत्तरीत आहे. मी ठरवून गेलेला पहिला प्रश्न विचारला, "मामी, आम्ही सगळी भाचरं सुट्टीत यायचो तेव्हा तुला कसं वाटायचं?"

"बरं वाटायचं गो. घर भरायचं."

झालं. उत्तर संपलं. असा प्रश्न विचारला की असंच उत्तर येतं, हे लक्षात ठेवा. माणूस पाहुण्याला जे सांगायचं ते सांगतं. मग मॅडमनी शिकवलेलं आठवलं : मत विचारू नका, दिवस विचारा. मी म्हटलं, "मामी, मे महिन्यातला एक दिवस सांग. उठल्यापासून."

मग मामी पाऊण तास बोलली. पहाटे चारला चूल. आम्ही पंधरा-सोळा माणसं, त्यात तीन नणंदा आणि त्यांची मुलं. पाणी विहिरीचं. आणि वर मे महिना म्हणजे कोकणात पावसाळ्याच्या बेगमीचा महिना. आमसुलं वाळवायची, आंब्याची आणि फणसाची साटं घालायची, मिरच्या, पापड, कुरडया, लाकूडफाटा आत घ्यायचा. जूनमध्ये पाऊस लागला की काही वाळत नाही, म्हणून सगळं मे महिन्यातच. वर्षातला सगळ्यात कामाचा महिना, आणि नेमकी तीच शाळेची सुट्टी.

मी विचारलं, "मग तू माहेरी कधी जायचीस?"

"गणपती झाले की दोन दिवस. मे महिन्यात मी गेले असते तर तुम्हांला वाढलं कोणी असतं?"

मी लिहीत होते. मामीने मग मलाच विचारलं, "सगळं विचारलंस. पण आमची सुमी त्या सुट्टीत काय करायची, ते नाही विचारलंस."

सुमी (खरं नाव वेगळं आहे, ते मी मुद्दाम देत नाही) माझ्याच वयाची. माझ्याच इयत्तेत. मी आठवायचा प्रयत्न केला. पत्त्यांच्या डावात ती होती का? विहिरीवर होती, पण हातात कळशी घेऊन. आम्ही खळ्यात खेळायचो तेव्हा ती साटांवरच्या माश्या वारत बसलेली असायची. तिलाही शाळेला सुट्टी होती. सुट्टी लागली म्हणून ती दिवसभर घराला मिळायची, एवढंच. जून उजाडायची वाट आमच्यापेक्षा ती जास्त बघायची, असं मामी म्हणाली. शाळा हीच तिची सुट्टी होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रकरण कोसळलं हे कारण होतंच. पण त्याहून जास्त हे की मी दीड वर्ष १८८७ मधल्या मुलींचे तास मोजत होते आणि माझ्या शेजारी बसलेल्या मुलीचे तास मला दिसले नव्हते.

प्रकरणाचं काय झालं?

शीर्षक बदललं. 'मुलींच्या मोकळ्या वेळेचा इतिहास' ऐवजी आता मी विचारते, 'एका मुलीचा मोकळा वेळ कोणाच्या वेळेतून येतो?' हा प्रश्न घेऊन परत मागे गेले, तर जुनी साधनं वेगळी दिसायला लागली. अकरा ते पाच शाळेत बसलेल्या मुलीचं घरचं काम कोणी केलं? आईने, विधवा आत्याने, मोलकरणीने, की धाकट्या बहिणीने? हायस्कूलच्या इतिहासात त्या बाईचं नाव नसतं, पण तिच्याशिवाय पटावरची हजेरी लागत नाही. आणि हो, माझ्या मुली साडेबाराला घरी येतात तेव्हा मी ग्रंथालयात असते, ती माझ्या आईच्या दुपारवर. माझी आई सातवीनंतर शाळेत गेली नाही. मागची तीन भावंडं सांभाळायला घरात कोणीतरी हवं होतं. हे मला आधीपासून माहीत होतं, पण ते माझ्या विषयाचा भाग आहे हे माहीत नव्हतं.

तुमच्यासाठी यातून चार कामाच्या गोष्टी.

एक, घरातून विषय घ्यायला लाजू नका, पण साधन मिळेपर्यंत त्याला प्रश्न म्हणू नका.

दोन, वेळापत्रक, हजेरीपट, शाळेच्या सुट्ट्यांची यादी ही रटाळ वाटणारी कागदपत्रं वाचायला शिका. कोणाचा वेळ कोणाच्या ताब्यात होता ते त्यांत दिसतं.

तीन, मुलाखतीत 'कसं वाटायचं' विचारण्याआधी 'दिवस सांगा' म्हणा.

चार, स्वतःची आठवण हे साधन आहे, पुरावा नाही. माझी आठवण खोटी नव्हती. आंबे होते, विहीर होती, मजा होती. फक्त ती आठवण खळ्यातून पाहिलेली होती, चुलीपासून नाही. आणि एका मामीवरून सगळ्या कोकणावर निष्कर्ष काढायचा नाही, म्हणून आता वेगवेगळ्या जातींच्या आणि वेगवेगळ्या जमीनधारणेच्या घरांतल्या मुलाखती चालू आहेत.

या मे महिन्यात मुलींना घेऊन मामाच्या गावाला जाणार आहे. मुलींना सांगून ठेवलंय की आपलं पाणी आपण काढायचं आणि साटांवरच्या माश्या पाळीपाळीने वारायच्या. थोरली म्हणाली, "मग ती सुट्टी कसली?" बरोबर आहे तिचं. मामीला मी आठ दिवस माहेरी जायला सांगितलं होतं. ती म्हणाली, तिथे आता कोणी राहत नाही.

पुढच्या लेखात मुलाखतीचं संमतीपत्र कसं तयार करायचं आणि नात्यातल्या माणसांची मुलाखत घेताना काय पथ्यं पाळायची, ते बघू. तोपर्यंत एक अभ्यास : घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला ती दहा वर्षांची असतानाचा एक दिवस विचारा. मध्ये बोलू नका. फक्त लिहून घ्या.