भीतीवरचा एक जुना ग्रंथ आणि जीआरईची परीक्षा

बल्ख हे शहर आज अफगाणिस्तानात आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान राहत होते. त्यांचा एक किस्सा भूगोलकार अल-मुकद्दसी यांनी नोंदवून ठेवला आहे. बुखाऱ्याच्या सामानी अमीराने बल्खींना दरबारी बोलावले. ते निघाले, जैहून नदीच्या म्हणजे आजच्या आमू दर्याच्या काठावर पोहोचले. नदीचे रुंद पात्र आणि उसळणाऱ्या लाटा पाहून त्यांनी तिथूनच अमीराला निरोप धाडला. त्याचा आशय असा, की तुम्ही मला माझ्या अकलेसाठी बोलावले असेल, तर असल्या पाण्यात पाय घालणाऱ्याकडे अक्कल कुठली? अमीराने त्यांना घरी परत जाऊ दिले.

किस्सा गमतीचा आहे, पण तो सांगण्याचे कारण वेगळे आहे. नदीला घाबरलेल्या याच माणसाने भीती, चिंता आणि वसवसा म्हणजे मनात पुन्हापुन्हा घोळणारे त्रासदायक विचार यांवर जगातल्या अगदी सुरुवातीच्या पद्धतशीर पुस्तकांपैकी एक लिहिले. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न लागणाऱ्या आपल्या मुलामुलींना आज त्याचा उपयोग होऊ शकतो, असे मला वाटते. विशेषतः जीआरईला बसणाऱ्यांना.

परीक्षा आपल्याकडे नवी नाही

जीआरई म्हणजे ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन. अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीसाठी अर्ज करताना या परीक्षेचे गुण मागितले जात. आता अनेक विभागांनी ही अट काढून टाकली असली तरी पुण्या-मुंबईतून आजही मोठ्या संख्येने मुले ती देतात. ती सुरू झाली १९३६ साली, कार्नेगी फाउंडेशन आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया या विद्यापीठांच्या एका प्रयोगातून. म्हणजे ही परीक्षा अजून शंभर वर्षांचीही झालेली नाही. हजारो अनोळखी विद्यार्थ्यांना एकाच मापाने मोजायची ही सोय आहे. माणसाची किंमत ठरवण्यासाठी ती कधीच बनवली नव्हती.

आपल्या जुन्या मदरशांत मोजण्याची रीत वेगळी होती. विद्यार्थी एका उस्तादाकडे एखादा ग्रंथ वाचायचा आणि उस्तादाची खात्री पटली, की तो ग्रंथ पुढे शिकवण्याची इजाजत त्याला मिळायची. इजाजत देणारा माणूस त्या विद्यार्थ्याला ओळखत असे. तो किती वेळा अडला, कुठे अडला आणि मग कसा सुटला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असे. याचा अर्थ त्या काळी परीक्षेची धास्ती नव्हती, असा मात्र नाही.

इ.स. ९३१ मध्ये बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला. तेव्हा खलिफा अल-मुक्तदिर यांनी हुकूम काढला, की परीक्षा घेतल्याशिवाय कुणालाही वैद्यकी करू द्यायची नाही. हे काम सिनान इब्न साबित या मुख्य वैद्याकडे आले. एकट्या बगदादमध्ये आठशे साठहून अधिक वैद्यांना परीक्षा द्यावी लागली. त्यांतल्या कित्येकांनी दवाखाना वर्षानुवर्षे चालवला होता. रोजीरोटी एका मुलाखतीवर टांगलेली, म्हणजे त्यांच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल याची कल्पना करा.

त्या परीक्षेची एक गोष्ट इतिहासकार अल-किफ्ती यांनी दिली आहे. छान पोशाखातले एक म्हातारे गृहस्थ सिनान यांच्याकडे आले. सगळे गेल्यावर त्यांनी नाण्यांची थैली पुढे ठेवली आणि कबूल केले, की मला लिहिता-वाचता येत नाही, पण बायकामुलांचे पोट याच धंद्यावर आहे, ते तोडू नका. सिनान यांनी त्यांना हाकलले नाही. ज्याची माहिती नाही असे उपचार करायचे नाहीत, रक्त काढायचे नाही, जालीम जुलाब द्यायचे नाहीत, साध्या दुखण्यांपुरतेच काम करायचे, अशी अट घालून सोडले. दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. कुणाकडे शिकलास, असे विचारल्यावर तो म्हणाला, वडिलांकडे. कालचे म्हातारबाबा याचे वडील होते! सिनान यांनी त्यालाही तीच मर्यादा घालून दिली. त्या परीक्षकाला समोरच्या माणसाची भीती दिसत होती. संगणकाच्या पडद्याला ती दिसत नाही. आपल्या मुलांचा सामना या पडद्याशी आहे, म्हणून भीतीचा बंदोबस्त त्यांना स्वतःच करावा लागतो.

बल्खींनी काय सांगितले

बल्खींचा जन्म इ.स. ८५० च्या सुमाराचा, मृत्यू ९३४ चा. वडील शाळामास्तर होते आणि सुरुवातीला तेही मुलांना शिकवत. तरुणपणी इल्मच्या ओढीने ते पायी इराकला गेले आणि तिथे आठ वर्षे शिकले. भूगोलाच्या इतिहासात त्यांच्या नावाने नकाशांची एक परंपरा ओळखली जाते. ‘मसालिह अल-अबदान वल-अनफुस’ म्हणजे शरीरांचे आणि मनांचे हित, हा त्यांचा ग्रंथ शतकानुशतके हस्तलिखितात पडून होता. इस्तंबूलच्या अयासोफिया संग्रहातल्या हस्तलिखिताची छापील प्रतिकृती १९८४ मध्ये फ्रँकफर्टहून निघाली. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी मनावरच्या भागाचा केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला.

या ग्रंथातले तीन मुद्दे आपल्या कामाचे आहेत.

पहिला असा, की मनाचे दुखणे ही लाजेची गोष्ट नाही. बल्खी म्हणतात, शरीराचा एखादा आजार माणसाला कधी होतो, कधी होत नाही. राग, भीती, दुःख यांच्यापासून मात्र कुणाचीच सुटका नाही. वैद्य मनाकडे लक्ष देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. शरीर बिघडले की मन बिघडते आणि मन बिघडले की शरीर, म्हणून दोन्ही भाग त्यांनी एकाच ग्रंथात घातले.

दुसरा मुद्दा भीतीबद्दलचा. ज्याची आपण भीती बाळगतो ते बहुतेक वेळा वाटले होते तितके वाईट नसते. यासाठी त्यांनी धुक्याचा दाखला दिला आहे. वाळवंटातला माणूस ओलसर मुलखात येतो आणि पहिल्यांदाच दाट धुके पाहतो. लांबून त्याला ती भिंत वाटते, आत श्वास कोंडेल असे वाटते. आत शिरल्यावर कळते, की ही नेहमीचीच हवा आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. शहाणा माणूस अचानक लागतील म्हणून काही औषधे घरात ठेवतो. तसेच मन शांत असताना चांगल्या, खऱ्या विचारांचा साठा करून ठेवावा, म्हणजे मन उसळले की तो हाताशी असतो, असे बल्खी सांगतात. घाबरलेल्या मनाला नवा विचार सुचत नाही. आधी ठेवलेला विचार मात्र काढता येतो.

हजार वर्षांनंतरची प्रयोगशाळा

आता जीआरईकडे येऊ. २०१० मध्ये जेरेमी जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जीआरईची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची त्यांनी सराव परीक्षा घेतली. निम्म्या विद्यार्थ्यांना आधी एवढेच सांगितले, की परीक्षेत छाती धडधडली, अस्वस्थ वाटले तर काळजी करू नका, अशा उत्तेजनेने गुण कमी होत नाहीत, उलट मदत होऊ शकते. उरलेल्यांना काही सांगितले नाही. गणिताच्या भागात पहिल्या गटाला जास्त गुण मिळाले. पुढे खऱ्या जीआरईतही त्यांचे गणिताचे गुण सरस निघाले. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की या मुलांची धडधड कमी झाली नव्हती. तिचा त्यांनी लावलेला अर्थ बदलला होता. धुके तेवढेच होते, पण ती भिंत नाही हे त्यांना आधीच कळले होते.

२०११ मध्ये शिकागो विद्यापीठातले जेरार्डो रामिरेझ आणि सिअन बायलॉक यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. परीक्षेच्या आधी दहा मिनिटे आपल्या मनातली भीती कागदावर उतरवली, तर धास्तावणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारतात. भीती दाबून ठेवायला डोक्याचा जो भाग अडकून पडतो, तो प्रश्न सोडवायला मोकळा होतो.

कौमचे ओझे

आपल्या मुलांच्या भीतीत आणखी एक भर असते. तिच्याबद्दल आपण घरात बोलत नाही.

१९९५ मध्ये क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरनसन यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना जीआरईचे अवघड भाषिक प्रश्न दिले. ‘ही तुमच्या बुद्धीची चाचणी आहे’ असे सांगितले तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले. तेच प्रश्न बुद्धी मोजण्यासाठी नाहीत असे सांगून दिले, तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा परिणाम एवढा ठळक दिसला नाही आणि संशोधकांत त्यावर वाद आहे. पण ‘मी चुकलो तर माझ्या लोकांबद्दलचा समज खरा ठरेल’ ही धास्ती ज्याने अनुभवली आहे, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशातल्या आयआयएमच्या सर्व अभ्यासक्रमांत मिळून मुसलमान विद्यार्थी होते अवघे १.३ टक्के. असे आकडे आपण भाषणांत, लेखांत वारंवार सांगतो आणि ते सांगायलाच हवेत. पण ते धोरण ठरवणाऱ्यांसमोर मांडायचे आकडे आहेत. परीक्षेला निघालेल्या मुलीच्या खांद्यावर ठेवायचे नाहीत. ‘खानदानात पहिलीच तू’, ‘कौमचं नाव काढ’, ‘अब्बांनी कर्ज काढलंय’ ही वाक्ये प्रेमातून येतात, हे खरे. पण दोन तासांच्या परीक्षेत तिला सोडवायचे असतात गणिताचे आणि भाषेचे प्रश्न. कौमचा प्रश्न त्या दोन तासांत सुटणार नाही आणि तिच्या गुणांनी बिघडणारही नाही.

साठ्यात काय ठेवावे

बल्खींच्या सल्ल्याप्रमाणे साठा करायचा, तर तो खऱ्या गोष्टींचाच हवा. ‘सगळं चांगलंच होईल’ हा विचार खोटा ठरू शकतो, म्हणून ऐन वेळी तो टिकत नाही. जीआरईच्या बाबतीत खऱ्या आणि धीर देणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत.

सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा दोन तासांहून कमी वेळाची झाली आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एखादा प्रश्न अडला तर त्यावर खूण करून पुढे जाता येते आणि त्याच विभागात वेळ असेतो परत येता येते. गणित आणि भाषा यांचे दोन-दोन विभाग असतात. पहिला चांगला गेला की दुसरा अधिक अवघड येतो. म्हणजे दुसऱ्या विभागात घाम फुटला, तर पहिला छान गेल्याची ती खूण असू शकते! ही एक गोष्ट माहीत नसल्याने मुले मध्येच हात गाळतात. २१ दिवसांनी परीक्षा पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाच वेळांपर्यंत, आणि कोणत्या वेळचे गुण विद्यापीठाला पाठवायचे ते तुम्ही निवडू शकता. फी मोठी असते, वीस हजार रुपयांच्या वर, त्यामुळे दुसरी संधी सगळ्यांना सारखी परवडत नाही, हेही खरे. म्हणून शक्य असेल तर घरच्यांनी दुसऱ्या वेळेचे पैसे आधीच बाजूला काढावेत आणि तसे मुलाला सांगावे. त्या एका वाक्याने अर्धी भीती उतरते.

या गोष्टी परीक्षेच्या महिनाभर आधी, मन शांत असताना, आपल्या हाताने वहीत लिहून ठेवा. ज्या वेळेला खरी परीक्षा आहे त्याच वेळेला, घड्याळ लावून, दोन-तीन पूर्ण सराव परीक्षा द्या. धुक्यात दोन-तीनदा जाऊन आलेला माणूस त्याला घाबरत नाही. दुआ करा, पण उंट आधी बांधा. तवक्कुल म्हणजे काय, ते आपल्याला लहानपणापासून असेच शिकवले आहे.

आणि धास्ती परीक्षेपुरती राहिली नाही, आठवडेच्या आठवडे झोप उडाली, जेवण जाईना, जगणेच नको वाटू लागले, तर वहीवर भागवू नका. मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. ‘टेली मानस’ ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. इमाम गझाली १०९५ मध्ये बगदादच्या निझामिया मदरशात शिकवत होते, कीर्तीच्या शिखरावर होते आणि त्यांची वाचाच बसली. घास उतरेना. वैद्यांनी सांगितले, की हे दुखणे मनातून शरीरात उतरले आहे. इमामांनी ही हकिकत आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवली. एवढ्या मोठ्या आलिमाला ती लिहिताना संकोच वाटला नाही, तर आपल्या मुलांनी घरात ‘मला भीती वाटते’ एवढे म्हणायला का कचरावे? आणि ते म्हणाले, तर आपण आधी ऐकून घ्यावे. सल्ला नंतर देता येतो.